नारूचा अंत : सवयी पालटल्याची कथा

रोग म्हटला की माणसाला प्रथम औषध आठवते. हिवतापासाठी गोळी, क्षयासाठी औषधांचा दीर्घ क्रम, देवीसाठी लस, अशी रोगांची व उपायांची जोडी मनात पक्की बसलेली असते. रोग हटवणे हे वैद्याचे काम. रोग्याने सांगितलेली मात्रा वेळेवर घ्यावी, एवढाच त्याचा वाटा, अशी ही समजूत आहे. तिच्यात सत्याचा अंश आहे. परंतु सर्व सत्य तिच्यात सामावत नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस भारतातून एक रोग समूळ नाहीसा झाला. त्याचा नाश करणारे औषध तेव्हा नव्हते आणि आजही नाही. त्याला प्रतिबंध करणारी लसही नव्हती. एकदा होऊन गेला की पुन्हा होत नाही, असाही तो रोग नव्हता. एकाच माणसाला तो वर्षामागून वर्षे छळू शके. असे असूनही तो गेला. हजारो खेड्यांतील लोकांनी पाणी भरण्याच्या आणि पाणी पिण्याच्या आपल्या रीती पालटल्या, म्हणून तो गेला.

हा रोग म्हणजे नारू. गुजरातेत त्याला वाळो म्हणत, कर्नाटकात नारुहुण्णु आणि तमिळ मुलखात नरंबुच्चिलंदी. भावप्रकाशादी आयुर्वेदीय ग्रंथांत ‘स्नायुक’ या नावाने त्याचे वर्णन आढळते. इतकी वेगवेगळी नावे ज्याला मिळाली, तो रोग किती जुना आणि किती दूरवर पसरलेला होता, हे निराळे सांगावयास नको. आज मात्र नव्या पिढीतील बहुतेकांनी हे नाव केवळ वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकले आहे. रोग विस्मृतीत जावा ही आनंदाची गोष्ट होय. परंतु तो कसा गेला, हेही त्याच्याबरोबर विसरले जावे, हे मात्र हिताचे नाही.

कृमीचे जीवनचक्र

नारूचा कृमी दोऱ्यासारखा बारीक व लांबच लांब असतो. पूर्ण वाढलेली मादी साठ सेंटिमीटरांपासून एक मीटरपर्यंत लांब भरते. ती माणसाच्या कातडीखालील भागात वाढते आणि बहुधा पायाच्या घोट्याजवळ किंवा पावलावर बाहेर पडते. बाहेर पडण्यापूर्वी त्या जागी एक फोड येतो. त्या फोडाची आग इतकी असह्य असते की पाय थंड पाण्यात बुडवल्यावाचून रोग्याला चैन पडत नाही. पाय पाण्यात बुडताच फोड फुटतो, मादीचे तोंड उघडे पडते आणि तिच्या शरीरातून लक्षावधी सूक्ष्म अळ्या पाण्यात सोडल्या जातात.

या अळ्या स्वतंत्रपणे फार दिवस जगत नाहीत. साचलेल्या गोड्या पाण्यात सायक्लॉप्स नावाचा एक कवचधारी जलचर असतो. त्याची लांबी जेमतेम एक मिलिमीटर. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन उजेडात धरले, तर तो हलणाऱ्या पांढुरक्या ठिपक्यासारखा नुसत्या डोळ्यांनीही दिसतो. हा प्राणी अळीला गिळतो. त्याच्या शरीरात सुमारे दोन आठवडे राहिल्यावर अळी माणसाला बाधण्याजोगी होते. असे पाणी न गाळता प्याले, म्हणजे सायक्लॉप्स पोटात जातो. जठरातील पाचकरसाने तो मरतो. आतली अळी मात्र सुटून आतड्याची भिंत भेदते आणि शरीरात शिरते. तेथे नर व मादी वाढतात. समागमानंतर नर मरतो. मादी वाढत वाढत पायाकडे सरकते. सुमारे एका वर्षाने पुन्हा फोड येतो, पुन्हा आग होते, पुन्हा पाय पाण्यात जातो. चक्र पूर्ण होते.

या चक्रातील सायक्लॉप्सचा दुवा अलेक्सेई फेदचेंको या रशियन शास्त्रज्ञाने १८७० च्या सुमारास मध्य आशियातील तुर्कस्तान प्रांतात उलगडला. पुढे आपल्या देशातही या रोगाचे बारकाईने संशोधन झाले. तत्कालीन म्हैसूर संस्थानातील चितळदुर्ग जिल्ह्यात १९३० च्या दशकात व्ही. एन. मूर्ती यांनी नारूग्रस्त खेड्यांतील विहिरी, त्यांतील सायक्लॉप्स आणि रोगाचा प्रसार यांचा अभ्यास केला. म्हणजे रोग कोठून येतो, हे शास्त्राला बऱ्याच पूर्वी कळून चुकले होते. तरीही त्यानंतर कित्येक दशके तो रोग खेड्यापाड्यांत नांदत राहिला. ज्ञान ग्रंथात असणे आणि ते पाणवठ्यावर पोहोचणे यांत किती अंतर असते, याचे हे एक बोलके उदाहरण आहे.

गरीब शेतकऱ्याचा वैरी

नारूने माणूस क्वचितच मरत असे. म्हणूनच पटकी किंवा देवी यांच्याएवढी त्याची दहशत नव्हती. परंतु मृत्यू न देताही एखादा रोग संसाराची धूळधाण करू शकतो, हे नारूने दाखवून दिले. बाहेर येऊ लागलेला कृमी एकदम ओढून काढता येत नाही. तो तुटला, तर आत राहिलेल्या भागामुळे सूज, पू आणि तीव्र वेदना सुरू होतात. म्हणून त्याचे बाहेर आलेले टोक एखाद्या लहानशा काडीला गुंडाळून रोज थोडे थोडे, काही सेंटिमीटरच, ओढावे लागे. पुरातन काळापासून चालत आलेला हाच उपाय विसाव्या शतकातही उरला होता. पूर्ण कृमी निघण्यास कित्येक आठवडे लागत. जखमेत इतर जंतू शिरले तर पाय सुजे, सांधा आखडे. क्वचित धनुर्वाताचाही धोका असे.

आणि हे आठवडे कोणते? आपल्या देशात नारू डोके वर काढी तो प्रामुख्याने उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी. नांगरट संपवून पेरणीची तयारी करायची, त्याच वेळी कर्ता पुरुष खाटेवर पडे. पाऊस पडून गेला आणि वाफसा हुकला, तर पुढचे वर्षभर त्याची भरपाई होत नसे. घरातील स्त्रीला नारू झाला तर पाणी, चूल आणि तान्हे मूल या तिन्हींचे हाल होत. मुलाला झाला, किंवा थोरांच्या आजारपणामुळे मुलाला शेतात जावे लागले, की शाळा सुटे. एकाच घरात दोघातिघांना, एकाच गावात अनेकांना एकाच हंगामात हा रोग होई. कारण सर्वांचे पाणी एकच होते. दारिद्र्यामुळे रोग आणि रोगामुळे दारिद्र्य, असा हा दुहेरी फास होता.

एका वर्षाचा पडदा

ज्या रोगाचे कारण डोळ्यांना दिसण्याजोगे आहे, तो लोकांनी इतकी शतके का सोसला? याचे उत्तर ‘अज्ञान’ या एका शब्दात देण्याचा मोह होतो. परंतु ते उत्तर न्यायाचे नाही.

आज दूषित अन्न खाल्ले आणि रात्री पोट बिघडले, तर कार्यकारणसंबंध कोणाच्याही ध्यानात येतो. नारूच्या बाबतीत पाणी पिणे आणि कृमी बाहेर पडणे यांच्यामध्ये सुमारे एक वर्षाचा पडदा असतो. गेल्या ज्येष्ठात प्यालेल्या पाण्याचा आणि यंदाच्या ज्येष्ठात आलेल्या फोडाचा संबंध कोणता सामान्य माणूस जोडील? शिवाय तेच पाणी गावातील पुष्कळ लोक पितात आणि त्यांतील काहींनाच रोग होतो. अशा स्थितीत कोणी अंगातील उष्णतेला, कोणी रक्तदोषाला, तर कोणी देवाच्या कोपाला दोष दिला, यात नवल नाही. निरीक्षण करून अनुमान काढण्याची शक्ती खेडुतांना नव्हती असे नव्हे. निसर्गाने पुरावाच लपवून ठेवला होता.

दुसरी गोष्ट अशी की, रोगाचा प्रसार ज्या कृतीने होई ती कृती रोग्याच्या दृष्टीने अगदी स्वाभाविक होती. पायाला आग होत असेल तर तो पाण्यात बुडवावा, हे कोणालाही शिकवावे लागत नाही. त्याने आरामही पडे. जी कृती आपल्याला तत्काळ सुख देते, ती वर्षभरानंतर शेजाऱ्याच्या मुलाला अंथरुणावर पाडील, हे केवळ सांगून पटणारे नव्हते.

या दोन अडचणींत तिसरी भर पडे ती पाणवठ्याच्या रचनेची. कमी पावसाच्या मुलखात पाणी खोल जाते आणि तेथपर्यंत पोहोचण्यासाठी माणूस पायऱ्या बांधतो. महाराष्ट्रातील बारव, गुजरातेतील वाव, राजस्थानातील बावडी ही सर्व याच गरजेची रूपे. त्यांतील काही, उदाहरणार्थ पाटणची अकराव्या शतकातील राणीची वाव, स्थापत्यकलेचे अलंकार म्हणून जगात नावाजलेल्या आहेत. तहानलेल्यांसाठी बारव बांधणे हे पुण्यकर्म मानले जाई आणि ते तसे होतेही. परंतु पायऱ्या उतरून माणूस पाण्यापर्यंत जातो, तेव्हा घागर बुडवताना त्याचे पाऊलही पाण्यात बुडते. नारूच्या कृमीला याहून अधिक सोयीची व्यवस्था कोणती हवी? जे पाणी जीवन म्हणून भरून नेले जाई, त्यातच पुढील वर्षाचा रोग विरघळलेला असे.

दोन साध्या सवयी

शास्त्राने हे चक्र पाहिले, तेव्हा त्याला दोन जागा मोकळ्या दिसल्या. कृमीला औषधाने मारता येत नव्हते. परंतु त्याचा मार्ग दोन ठिकाणी अडवता येत होता. ज्याच्या पायातून कृमी बाहेर पडत आहे त्याने पिण्याच्या पाण्यात उतरू नये, ही पहिली जागा. पिण्याचे पाणी गाळल्यावाचून कोणी पिऊ नये, ही दुसरी. या दोनपैकी कोणतीही एक गोष्ट सर्वांनी काटेकोरपणे पाळली असती तरी चक्र तुटले असते. दोन्ही पाळल्या, तर एकातील चूक दुसरीने भरून निघे.

पाणी गाळण्याची कल्पना आपल्याकडे नवी नव्हती. जैन कुटुंबांत पाणी वस्त्रगाळ करून घेण्याची रीत फार जुनी आहे, आणि इतर अनेक घरांतही घागरीच्या तोंडावर फडके बांधले जाई. नवे होते ते या रीतीमागील शास्त्र आणि तिच्यातील शिस्त. सायक्लॉप्स एक मिलिमीटराएवढा असल्यामुळे घट्ट विणीचे दुहेरी सुती कापडही त्याला अडवू शकते. मात्र फडके फाटलेले नसावे. त्याची वरची बाजू नेहमी वरच राहिली पाहिजे. नाही तर काल अडकलेले सायक्लॉप्स आज उलटून घागरीत पडतात. वापर झाल्यावर ते धुऊन उन्हात वाळवले पाहिजे. सुती कापडातून पाणी सावकाश उतरते आणि गढूळ पाण्याने ते लवकर बुजते, म्हणून पुढे बारीक जाळीच्या नायलॉनच्या गाळण्या वाटण्यात आल्या.

येथे एक सावधगिरीचा शब्द आवश्यक आहे. फडक्याने गाळलेले पाणी नारूपासून निश्चित वाचवते. परंतु ते सर्व दृष्टींनी शुद्ध होते असे नव्हे. विषमज्वर, हगवण किंवा कावीळ यांचे जंतू कापडाच्या छिद्रांतून सहज पार होतात. त्यांच्यासाठी पाणी उकळणे किंवा त्यात योग्य प्रमाणात क्लोरीन मिसळणे हेच उपाय आहेत. एका रोगावरील उपाय सर्व रोगांवर लागू आहे असे समजणे, हीही एक घातक सवयच होय.

सवय कशी पालटली

सोव्हिएत मध्य आशियातील बुखारा शहरात लिओनिद इसायेव्ह यांच्या नेतृत्वाखाली १९२० च्या दशकात असाच लढा दिला गेला होता. तेथील पिण्याच्या पाण्याची उघडी तळी कोरडी व स्वच्छ करून, रोगी शोधून आणि शुद्ध पाण्याची सोय करून १९३० च्या दशकाच्या प्रारंभी नारूचा उच्छेद करण्यात आला. एका शहरात जे घडले ते एका उपखंडाएवढ्या देशात, विखुरलेल्या हजारो खेड्यांत घडवून आणणे हे मात्र निराळे काम होते.

भारताने राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम १९८३-८४ मध्ये हाती घेतला. दिल्लीची राष्ट्रीय संसर्गजन्य रोग संस्था, जिला २००९ पासून राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र म्हणतात, या कार्याचे केंद्र होती. १९८४ मधील पाहणीत सात राज्यांतील ८९ जिल्ह्यांत १२,८४० खेडी नारूग्रस्त आढळली आणि रोग्यांची संख्या सुमारे ४०,००० भरली. राजस्थान, मध्य प्रदेश, गुजरात, महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र प्रदेश आणि तमिळनाडू ही ती सात राज्ये होत.

या कार्यक्रमाची अंगे चार होती. पहिले अंग शोधाचे. आरोग्यसेवक ठरावीक काळाने घरोघर जाऊन रोग्यांची विचारपूस करीत. रोगी दवाखान्यात येण्याची वाट पाहात बसत नसत. दुसरे अंग पाण्याचे. पायऱ्यांच्या विहिरींच्या पायऱ्या बंद करून त्यांभोवती कठडा बांधण्यात आला, म्हणजे बारवेचा आड झाला. रहाट व पोहरा वापरला की पाय पाण्याला लागण्याचा प्रश्नच उरत नाही. कित्येक गावांत विंधणविहिरी खणून हातपंप बसवण्यात आले. तिसरे अंग साचलेल्या पाण्यातील सायक्लॉप्सचा नाश करण्याचे. त्यासाठी टेमेफॉस नावाचे द्रव्य अगदी अल्प प्रमाणात, दहा लाख भाग पाण्यात एक भाग, मिसळले जाई. चौथे अंग लोकशिक्षणाचे. पहिली तिन्ही अंगे या चौथ्यावर उभी होती, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

कारण साधन दिले म्हणजे सवय लागते, असे नाही. विंधणविहिरीचे पाणी स्वच्छ असले तरी पुष्कळदा जड असते. त्यात डाळ लवकर शिजत नाही, त्याला लोहाची चव येते. पिढ्यान्पिढ्या बारवेचे पाणी प्यालेल्या माणसाला ते गोड लागत नाही. हातपंप बिघडला आणि तो दुरुस्त करणारा मिस्त्री तालुक्याहून येईपर्यंत महिना गेला, तर बायका कोठे जाणार? जुन्या विहिरीवरच. एका महिन्याच्या गैरसोयीने वर्षभराचा उपदेश फुकट जाई. दक्षिण राजस्थानातील बांसवाडा, डुंगरपूर व उदयपूर या आदिवासीबहुल भागांत १९८६ च्या सुमारास सुरू झालेल्या ‘स्वच्छ’ प्रकल्पात ही अडचण ध्यानात घेण्यात आली होती. तेथे गावातीलच स्त्रियांना आरोग्यशिक्षणाच्या कामात घेण्यात आले. काहींना हातपंप दुरुस्त करण्याचेही शिक्षण देण्यात आले. जिच्या डोक्यावर पाण्याचा भार, तिच्याच हातात पाना देणे, यात केवढे व्यवहारज्ञान होते! पंप बंद पडल्याचा त्रास जिला सर्वांत आधी होतो, तीच तो सर्वांत आधी दुरुस्त करील.

लोकशिक्षणाचीही रीत हळूहळू पालटली. ‘पाणी गाळून प्या’ ही आज्ञा भिंतीवर रंगवून ठेवली, तर ती वाचली जाते आणि विसरली जाते. त्याऐवजी गावच्या विहिरीचे पाणी काचेच्या पेल्यात घेऊन उन्हात धरले आणि त्यातील वळवळणारे ठिपके दाखवले, की पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येई. मग तेच पाणी फडक्यातून गाळून दुसऱ्या पेल्यात दाखवले, की ठिपके नाहीसे झालेले दिसत. या प्रयोगाला अक्षरओळख लागत नाही, अधिकाऱ्याचा दरारा लागत नाही. एका वर्षाच्या पडद्याआड लपलेले कारण एका क्षणात डोळ्यांपुढे उभे राही. भीतीने नव्हे, तर स्वतः पाहिल्याने आलेली खात्री हीच सवयीचा पाया होते.

सर्वांचे पाणी, सर्वांचे दायित्व

नारूच्या लढ्याचे आणखी एक वैशिष्ट्य विचार करण्याजोगे आहे. रोग्याने पाण्यात पाय घालू नये, या नियमाचा लाभ त्याला स्वतःला काहीच नव्हता. त्याच्या अंगातील कृमी तर बाहेर पडतच होता. उलट, थंड पाण्याने मिळणारा आराम त्याला सोडावा लागे. घरी बालदीत पाय बुडवला तर ते पाणी पाणवठ्यापासून दूर ओतावे लागे. हा सारा त्रास त्याने सोसायचा तो शेजाऱ्यासाठी, पुढील वर्षासाठी. याच्या उलट, जो पाणी गाळून पितो तो स्वतःला वाचवतो. परंतु तो एकटाच गाळत असेल तर शेतावर, बाजाराच्या गावी किंवा पाहुण्याच्या घरी तो उघडा पडतो. म्हणजे या रोगापुढे एकट्याचे शहाणपण पुरे पडत नव्हते.

येथेच वृत्तीतील पालटाचा प्रश्न येतो. ज्या समाजात पाणवठे जातीजातींत वाटलेले होते आणि गावाबाहेरच्या वस्तीचे सुखदुःख गावाच्या हिशेबात धरले जात नसे, त्या समाजाला कृमीने एक कठोर गणित शिकवले. मुख्य गावात नारू संपला आणि दूरच्या पाड्यावर एक जरी रोगी उरला, तरी पुढच्या हंगामात तो कोणत्याही विहिरीत परत येऊ शके. म्हणून शोधपथकांना सर्वांत लांबच्या, सर्वांत उपेक्षित वस्तीपर्यंत जाणे भाग होते. रोगी लपवून ठेवण्याची प्रवृत्ती जावी म्हणून अखेरच्या टप्प्यात नव्या रोग्याची खबर देणाऱ्यास बक्षीस ठेवण्यात आले. नारू होणे ही लाजेची गोष्ट नाही आणि तो कळवणे ही चहाडी नाही, हे लोकांना पटणे आवश्यक होते.

शेवटचा रोगी

परिणाम आकड्यांत स्पष्ट दिसतो. १९८४ मध्ये सुमारे ४०,००० असलेली रोग्यांची संख्या १९९० मध्ये ४,७९८ वर आली. १९९४ मध्ये ती ३७१ झाली, १९९५ मध्ये ६० आणि १९९६ मध्ये अवघी ९. राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यात जुलै १९९६ मध्ये आढळलेला रोगी हा भारतातील नारूचा अखेरचा रोगी ठरला.

तथापि रोगी सापडला नाही, एवढ्यावर रोग संपल्याचे घोषित करता येत नाही. पुढे तीन वर्षांहून अधिक काळ शोध चालू राहिला. नारूची म्हणून आलेली प्रत्येक वार्ता तपासून पाहण्यात आली. अखेर फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. देवीनंतर या देशातून समूळ गेलेला हा दुसरा रोग. देवीला लसीने हरवले. नारूला मात्र फडके, कठडा, हातपंप आणि लोकांचा निश्चय यांनी हरवले.

जगाच्या पाठीवरून नारू अद्याप पूर्णपणे गेलेला नाही. १९८६ मध्ये आफ्रिका व आशिया खंडांत मिळून त्याचे सुमारे ३५ लक्ष रोगी असावेत असा अंदाज होता; २०२१ ते २०२४ या काळात दरवर्षीचे मानवी रोगी पंधरा किंवा त्याहूनही कमी होते. मात्र आफ्रिकेतील चाड या देशात २०१२ पासून कुत्र्यांतही हा कृमी आढळू लागला, आणि उरलेला थोडासा मार्ग अधिक बिकट झाला. कुत्र्याला उपदेश करता येत नाही. म्हणून त्यांना बांधून ठेवणे आणि माशांची आतडी त्यांच्या तोंडी न लागू देता पुरून टाकणे, या नव्या सवयी तेथील लोकांना अंगीकाराव्या लागत आहेत.

या कथेतून काय घ्यावे

सवय एकदा लागली म्हणजे कायम टिकते, अशी खात्री मात्र कोणी बाळगू नये. बांगलादेशात जुन्या साडीच्या कापडाची घडी करून पाणी गाळण्याचा प्रयोग पटकीविरुद्ध करण्यात आला. पटकीचे बरेच जंतू पाण्यातील सूक्ष्म जलचरांना चिकटून असतात, म्हणून त्या उपायाने काही अंशी लाभ होतो. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथील पटकीचे प्रमाण सुमारे ४८ टक्क्यांनी घटले. पाच वर्षांनी पुन्हा पाहणी केली, तेव्हा पाणी गाळणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण ३१ टक्के आढळले. हा आकडा निराश करणारा वाटेल. परंतु प्रयोग संपून, कोणी सांगणारे उरले नसतानाही इतक्या घरांत ती रीत टिकून राहिली, ही त्याची दुसरी बाजू आहे. सवयीला पाण्याप्रमाणेच सतत भर लागते. नाही तर ती आटते.

भारतात नारू गेला. परंतु ज्यांचा प्रसार माणसाच्या दैनंदिन वागणुकीवर अवलंबून आहे असे रोग पुष्कळ आहेत. खोकताना तोंडावर कापड न धरणे हे क्षयाच्या पथ्यावर पडते. शौचानंतर व जेवणापूर्वी हात साबणाने न धुणे हे अतिसाराच्या. घराभोवती करवंट्या, फुटके माठ आणि टायर यांत पाणी साचू देणे हे डेंग्यूच्या. यांतील प्रत्येक ठिकाणी नारूचीच परिस्थिती थोड्याफार फरकाने आढळते: कारण आणि परिणाम यांत अंतर असते, चूक एकाची व भोग दुसऱ्याचा असतो, आणि योग्य वर्तन थोडे गैरसोयीचे असते. म्हणून उपायही तेच लागू पडतात. कारण डोळ्यांना दिसेल असे दाखवावे. योग्य वर्तन सोपे करावे. हात धुवा म्हणण्यापूर्वी तेथे पाणी व साबण आहे की नाही, ते पाहावे. ज्याच्यावर कामाचा भार आहे त्याला, आणि बहुधा तिला, निर्णयात व साधनांच्या देखभालीत सामील करावे. रोग्याला हसू नये, लपवू नये, दूर लोटू नये. आणि शेवटच्या घरापर्यंत पोहोचल्याखेरीज काम पुरे झाले असे मानू नये.

नारूग्रस्त खेड्यातील जी स्त्री घागरीच्या तोंडावर रोज दुहेरी फडके बांधी, तिने प्रयोगशाळा पाहिली नव्हती. परंतु शास्त्राला जे चक्र तोडायचे होते, ते तिच्या हाताने तुटले. तिच्या फडक्यात दररोज अडकलेले ते बारीक ठिपके कोणी मोजले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात तिच्या घरात कोणी खाटेवर पडले नाही, पेरणी वेळेवर झाली आणि मूल शाळेत गेले, एवढाच त्याचा हिशेब.